ड्रॉइंग तीनदा पाठवलं, तरी ‘आय डोन्ट गेट इट’

पत्र

बाई, नमस्कार. मी सेलू तालुक्यातला, परभणी जिल्हा. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. आता वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. माल परदेशात जातो म्हणून मेल आणि कॉल इंग्रजीत असतात. बाकीचं निभावतो, पण ‘गेट’ या एका शब्दानं डोकं खाल्लंय. मागं कस्टमरचा मेल आला, ‘आय डोन्ट गेट शीट थ्री.’ मला वाटलं ड्रॉइंगची तिसरी शीट पोचली नाही. परत पाठवली. पुन्हा तोच मेल. स्कॅन मोठा करून पाठवली. शेवटी त्यानं थेट मॅनेजरला फोन लावला, की तुमचा माणूस विचारलेल्याचं उत्तर का देत नाही? त्यातून सावरतो तोवर मॅनेजर म्हणाले, ‘गेट द गेज कॅलिब्रेटेड बाय फ्रायडे.’ (गेज म्हणजे माप तपासायचं साधन, कॅलिब्रेट म्हणजे ते बरोबर माप दाखवतं का याची तपासणी.) मी स्टोअरमधून कॅलिब्रेट झालेला दुसरा गेज आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. आता लाइनवरची पोरं मला ‘गेटमन’ म्हणतात. डिक्शनरीतले ‘गेट’चे अर्थ वहीत उतरवून पाठ केले, पण कॉलवर एकही आठवत नाही. मराठी मीडियमचा असल्यामुळं होतं का हे? स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? औरंगपुऱ्यातला एक जण ‘तीस दिवसांत फाडफाड’ म्हणतोय आणि फी लई सांगतोय. नाव छापू नका.

– क्वालिटीवाला, बजाजनगर

उत्तर

अरे क्वालिटीवाल्या, नाव छापत नाही. ‘गेटमन’ मात्र आता चिकटलं, त्याला माझ्याकडं इलाज नाही.

आधी ती तिसरी शीट. त्या वाक्यात तू ‘गेट’कडं बघत बसलास, आणि खरी खूण त्याच्या अलीकडच्या ‘डोन्ट’मध्ये होती. शीट पोचली नसती तर त्यानं ‘आय डिडन्ट गेट शीट थ्री’ किंवा ‘आय हॅवन्ट गॉट शीट थ्री’ असं लिहिलं असतं. मेल एकदाच येतो किंवा एकदाच येत नाही. घडून गेलेली गोष्ट, म्हणून भूतकाळ. ‘डोन्ट’ येतं ते रोजच्या रिवाजासाठी, नाहीतर आत्ताच्या अवस्थेसाठी. ‘आय डोन्ट गेट अ न्यूजपेपर’ म्हणजे माझ्याकडं पेपर येत नाही, रोजचंच आहे ते. ड्रॉइंगची शीट काही दूधवाल्यासारखी रोज दारात येत नाही. मग ‘डोन्ट’ कशासाठी? तर ‘मला कळत नाहीये’ ही त्याची त्या घडीची अवस्था सांगण्यासाठी. तो म्हणत होता, शीट तीन समोर आहे, पण काय काढलंय ते समजत नाही. आणि तू त्याला तीच न समजणारी शीट आणखी मोठी करून दाखवत होतास. तो चिडला, यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. ‘आय डिडन्ट गेट इट’ हे वाक्य दोन्हीकडं चालतं: पोचलं नाही आणि कळलं नाही. तिथं खुद्द इंग्रज माणूससुद्धा उलट विचारतो. तूही विचार, त्यात कमीपणा नाही. हे वाक्य मोबाइलमध्ये साठवून ठेव: ‘डू यू मीन यू डिडन्ट रिसीव्ह इट, ऑर इज समथिंग अनक्लिअर?’ एवढं एक वाक्य तेव्हा टाकलं असतंस तर मॅनेजरचा फोन वाजला नसता.

आता मराठी मीडियमचं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा तुझ्या वयाच्या पोरानं दहा वर्षं इंग्रजीचा तास भोगलेला असणार. अडचण मीडियमची नाही. आपल्या शाळेत शब्दार्थाच्या तक्त्यात ‘गेट – मिळणे’ असं लिहिलं जातं आणि फळा पुसला जातो, अडचण ती आहे. इंग्रजी मीडियमच्या पोराला उभं करून ‘गेटचे अर्थ सांग’ म्हटलं तर तोही तीन सांगून खाली बसेल. त्याला फायदा एवढाच, की त्याच्या कानावरून वाक्यं जास्त गेलीत.

आणि असल्या क्रियापदाशी संसार करायला तुला कुणी शिकवायची गरजच नाही. तू जन्मापासून तेच करतोयस. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं. सेलूहून रेल्वेनं निघालास की परतूर लागतं, मग जालना लागतं. कापसाला बोंडअळी लागते, बोअरला पाणी लागतं, पोराला नाद लागतो. वरण खारट लागतं. सातबाऱ्यावर नाव लागतं. लग्नाच्या मांडवात एखाद्या म्हातारीकडं बोट दाखवून आई सांगते, पाया पड, ती तुझी आत्या लागते. बँकेत रांग लागते, पंप सुरू करायला वेळ लागतो, आणि हे सगळं लागत असताना सोमवारी कामावर जावं लागतं. सांग, किती अर्थ झाले? कुठल्या वहीत पाठ केले होतेस? ‘लागली’ एवढंच कानावर पडलं तर तू थांबतोस, भूक की ठेच की नोकरी ते कळेपर्यंत. अर्थ तू ‘लागणे’त शोधत नाहीस, त्याच्या शेजारी शोधतोस.

शेजारच्या शब्दाला नुसता एक प्रत्यय लागला तरी सगळं फिरतं. ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली, आणि ‘डोळ्याला लागलं’ म्हणजे पळा दवाखान्यात. तुझ्या त्या कस्टमरला मराठी शिकायला बसव आणि ही दोन वाक्यं दे. मग बघू तो किती मेल करतो.

आपल्या मुलखात तर ‘लागणे’ इतकं वापरलं गेलंय की ते झिजून गेलंय. ‘काय करू लागलास’चं परभणी-नांदेडकडं ‘काय करूलालास’ झालं, ‘येऊ लागलाय’चं ‘येऊलालाय’. आख्खं क्रियापद गिळून फक्त एक ‘ला’ शिल्लक ठेवला. पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं हे बोलायला लाजतात. लाजायचं काही कारण नाही, कारण ‘गेट’चंही लोकांनी तेच केलंय. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागेल. बोलताना त्याचं झालं ‘आय गॉटा गो’. कॉलवर तुला जो ‘गॉटा’ किंवा ‘गाडा’ ऐकू येतो आणि डिक्शनरीत सापडत नाही, तो हाच. ‘लागेल’ म्हणून घे आणि पुढं चल.

अर्थ मोजत बसण्याचा उद्योग कोशवाल्यांना शोभतो, तो त्यांचा धंदाच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढं नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ पुढं गेलं. त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि ते वेगळे करायला एका संपादकाला नऊ महिने लागले. (‘लागले’. बघ, आलंच.) त्यांना नऊ महिने लागतात तिथं तू शिफ्ट संपवून खोलीवर येऊन वही भरणार आणि कॉलवर झटकन आठवणार, हे होणं नाही.

गंमत म्हणजे हा ‘गेट’ मूळचा इंग्रजांच्या घरचा नव्हेच. आठव्या शतकाच्या अखेरीपासून समुद्रावरून व्हायकिंग लोक इंग्लंडवर यायला लागले. आधी लुटून परत जात, मग उत्तरेच्या आणि पूर्वेच्या मुलखात वस्ती करून राहिले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘गेता’ हे ‘गेट’चं मूळ. इंग्रजीत त्याचा भाऊबंद होता, पण जोडशब्दांत अडकलेला: ‘फर्गेट’मधला ‘गेट’ तोच. सुटा ‘गेट’ इंग्रजी लिखाणात दिसतो तो १२०० च्या आसपास, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवतात ते मुकुंदराज लिहीत होते त्याच सुमाराला. ‘टेक’ही त्याच वाटेनं आला, आणि ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’सुद्धा. इतकंच काय, ‘ते लोक’ या अर्थाचा ‘दे’सुद्धा. शेजारी राहायला आलेल्या माणसाकडून माणूस जड शब्द घेत नाही, रोजच्या कामाचे घेतो. आपणही १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतो, कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हा शब्द कसे घरात येऊन बसतात हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रोजच्या कामाचा शब्द, म्हणून त्याला कामं फार. ‘गेट’ला तू सालगडी समज. गुढीपाडव्याला ठरलेल्या गड्याला अमुक एकच काम असं नसतं. औतामागं उभा केला की नांगरतो, मोटरजवळ उभा केला की पाणी देतो, रात्री मळ्यात झोपवला की राखण करतो. तो काय करतोय हे बघायचं तर तो उभा कुठं आहे ते बघायचं. ‘गेट’चंही तेच: त्याच्या लगेच पुढं काय उभं आहे ते बघ. मेलमध्ये ‘गेट’ दिसलं की त्याच्यावर नजर थांबवू नकोस, एक शब्द पुढं सरक.

पुढं वस्तू असेल तर ती वस्तू माणसाकडं येते. कधी आपण होऊन, कधी माणूस जाऊन आणतो. ‘गेट अ लेटर’ म्हणजे पत्र येणं, ‘गेट अ जॉब’ म्हणजे नोकरी लागणं, ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे पाणी आणून दे, ‘गेट डेंग्यू’ म्हणजे डेंग्यू होणं. कळणंही यातच बसतं: ‘गॉट इट’, म्हणजे मुद्दा माझ्यापर्यंत आला.

पुढं गुण सांगणारा शब्द असेल तर ‘होणे’. ‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’, ‘गेट ओल्ड’. पण इथं तुझ्या कामाचा एक बारकावा आहे. ‘द स्पिंडल इज हॉट’ म्हणजे स्पिंडल गरम आहे. ‘द स्पिंडल इज गेटिंग हॉट’ म्हणजे तापत चाललाय. आपलं ‘चाललाय’ इथं चपखल बसतं. पहिल्यात मशीन बंद करायची वेळ आलेली असू शकते, दुसऱ्यात अजून थोडी सवड आहे. रिपोर्ट लिहिताना या दोन वाक्यांत गल्लत करू नकोस.

पुढं ठिकाण असेल तर ‘पोचणे’: ‘गेट टू जालना’. फक्त ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी ‘टू’ लावायचा नाही, ‘गेट होम’ एवढंच. वाहनाचं असं आहे, की एसटी, रेल्वे, विमान यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, कार आणि रिक्षाला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. जिथं उभं राहून चार पावलं चालता येतं तिथं ‘ऑन’, हा ठोकताळा बहुतेक वेळा लागू पडतो. आपण बसमधून ‘गेट डाउन’ करतो, ते बाहेरच्यांच्या कानाला जरा वेगळं लागतं. समजतं त्यांना, तेव्हा त्यासाठी झोप घालवू नकोस.

पुढं ‘टू’ आणि मग क्रियापद असेल तर मात्र थांब. ‘आय गॉट टू सी द प्लांट’ म्हणजे मला प्लांट बघायला मिळाला. ‘आय हॅव गॉट टू सी द प्लांट’ म्हणजे मला प्लांट बघावा लागेल. मधल्या एका ‘हॅव’चा फरक, आणि एकीकडं हौस, दुसरीकडं सक्ती. त्यात बोलताना ‘हॅव’ जवळजवळ गिळला जातो. तेव्हा काळाकडं बघ: झालेल्या भेटीबद्दल बोलतोय तर ‘मिळाला’, पुढच्या कामाबद्दल बोलतोय तर ‘लागेल’.

आता तो गेज. कारखान्यात ‘गेट’ सगळ्यात जास्त राबतो तो इथं, म्हणून हे नीट वाच.

मॅनेजर म्हणाले, ‘गेट द गेज कॅलिब्रेटेड.’ ‘गेट’, मग वस्तू, आणि त्या वस्तूच्या नंतर ‘कॅलिब्रेटेड’. असं आलं की अर्थ ‘करून घे’. कोण करणार हे वाक्य सांगत नाही. लॅब करो, व्हेंडर करो, काम होऊन आलं पाहिजे आणि जबाबदारी तुझी. ‘कॅलिब्रेटेड’ हा शब्द गेजच्या आधी असता, ‘गेट द कॅलिब्रेटेड गेज’, तर तू केलंस ते अगदी बरोबर होतं: कॅलिब्रेट झालेला गेज घेऊन ये. शब्द तेच, जागा बदलली. मराठीत आपण हे प्रत्ययांनी आणि ‘करून घे’नं सांगतो, जागा बदलली तरी फारसं बिघडत नाही, म्हणून जागेकडं बघायची सवय आपल्या डोळ्याला नसते. इंग्रजीत ती लावून घ्यावी लागते.

‘आय गॉट माय हेअर कट’ हेही याच साच्यातलं. आपणही म्हणतोच की, ‘केस कापून घेतले.’ स्वतः कुणी कापत नाही, न्हाव्याकडं जाऊन बसतो. मग आता हे वाक्य बघ: ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द प्रेस.’ साचा तोच, पण यानं काही प्रेसला सांगून बोट अडकवून घेतलेलं नाही. अपघात झाला. हे इंग्रजीचं खूळ वाटत असेल तर स्वतःचं बोलणं ऐक. ‘केस कापून घेतले’ आणि ‘विळ्यावर बोट कापून घेतलं’. ‘दाढी करून घेतली’ आणि ‘तव्यावर हात भाजून घेतला’. एकच ‘घेणे’, एकदा सोय आणि एकदा इजा, आणि आपण एकदाही गोंधळत नाही. कुठलं शहाणं माणूस हात मुद्दाम भाजून घेईल, एवढी अक्कल ऐकणाऱ्याला असतेच. तीच अक्कल ‘गेट’ला लाव.

वस्तूच्या जागी माणूस आला, की त्याच्यापुढं ‘टू’ येतो: ‘गेट द इन्स्पेक्टर टू साइन’. इन्स्पेक्टरकडून सही घे. समजावून, गोड बोलून, मागं लागून, कसंही, पण तो राजी झाला पाहिजे. याच्या जवळचा ‘मेक’ आहे, आणि तिथं ‘टू’ लागत नाही: ‘मेक हिम साइन’. म्हणजे सही करायला लाव. मराठीत ‘सही करून घेतली’ आणि ‘सही करायला लावली’ यात जे अंतर आहे तेच या दोहोंत. कस्टमरच्या माणसाबद्दल मेलमध्ये ‘वी मेड युवर इन्स्पेक्टर साइन’ असं कधी लिहू नकोस, वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही त्याचा हात पिरगाळला. ‘वी गॉट हिम टू साइन’ चालेल. तिसरा ‘हॅव’: ‘हॅव हिम साइन’, म्हणजे त्याला सही करायला सांग, त्याचं ते कामच आहे. साहेबलोक हाताखालच्यांबद्दल हे जास्त वापरतात. तू आधी ‘गेट’ आणि ‘मेक’ वेगळे कर, ‘हॅव’ मागाहून आला तरी चालेल.

‘गॉट सिलेक्टेड’, ‘गॉट रिजेक्टेड’, ‘गॉट मॅरीड’ हे सोपे आहेत, आपल्याकडं सगळे वापरतात. लॉट रिजेक्ट झाला, एवढंच.

कानाचं थोडं सांगते. अमेरिकन माणूस दोन स्वरांच्या मधल्या ‘ट’चा जवळजवळ ‘ड’ करतो. ‘गेट इट’चं ‘गेडिट’, ‘गॉट इट’चं ‘गाडिट’, ‘गेट अप’चं ‘गेडप’. तू कॉलवर ‘गेट’ शोधत बसशील तर तो सापडणारच नाही. शिवाय त्यांच्याकडं ‘गॉटन’ आहे, आजच्या ब्रिटिश बोलण्यात तो सहसा येत नाही. अमेरिकन कस्टमर ‘वी हॅव गॉटन द पार्ट्स’ म्हणाला तर पार्ट्स त्यांच्या हातात पडले. ‘वी हॅव गॉट द पार्ट्स’ म्हणाला तर पार्ट्स त्यांच्याकडं आहेत, कधी आले ते सोड. तुझ्यासारख्याला यातून कळतं, की पाठवलेला लॉट आज पोचला की ते जुन्या स्टॉकबद्दल बोलतायत.

आपल्या लोकांच्या दोन सवयी मोडायला हरकत नाही. ‘कळलं नाही’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, म्हणून आपण ‘आय डिडन्ट गेट’ म्हणून मोकळे होतो. इंग्रज माणूस तिथं थांबून राहतो, काय मिळालं नाही याला? ‘इट’ म्हण, ‘यू’ म्हण, ‘द सेकंड पॉइंट’ म्हण, पण काहीतरी जोड. दुसरी सवय ‘आय ॲम गेटिंग लेट’. आपल्या ‘मला उशीर होतोय’ची ती नक्कल. ते लोक ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणतात, किंवा वेळेबद्दल बोलायचं तर ‘इट इज गेटिंग लेट’.

क्लासचं विचारलंस. तीस दिवसांत फाडफाड बोलायला शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचार: माझे कंपनीतले मेल घेऊन आलो तर ते सोडवून देणार का? हो म्हणाला तर एक महिना जाऊन बघ. टेन्सचा तक्ता काढायला लागला तर पैसे गावाकडं पाठव, ठिबकला उपयोगी पडतील.

घरी बसून काय करायचं ते असं. ती अर्थांची वही बाजूला ठेव. कंपनीच्या मेलबॉक्समध्ये ‘गेट’ आणि ‘गॉट’ टाकून शोध, गेल्या काही महिन्यांतली वाक्यं निघतील. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर असलं काही उतरवू नकोस, नाहीतर एचआर तुला खरोखर गेटवर उभा करील. वाक्य उतरव, ‘गेट’च्या पुढच्या शब्दाखाली रेघ मार, आणि शेजारी तू मराठीत ते कसं बोलला असतास ते लिही. ‘मिळणे’ लिहून भागवू नकोस, सेलूच्या बाजारात बोललास तसं लिही: आलं, झालं, पोचलं, करून घेतलं, करावं लागेल, बघायला मिळालं, डोक्यात शिरलं. चार मेल झाले की तुझ्या लक्षात येईल, तुझा कस्टमर पाच-सहाच साचे पुन्हा पुन्हा वापरतो. प्रत्येक माणसाची ठरलेली असते ती भाषा. ऐकताना आणि वाचताना तुला बरेच साचे ओळखता आले पाहिजेत, पण बोलताना चार पुरतात. ‘आय विल गेट इट चेक्ड’, ‘आय विल गेट बॅक टू यू’, ‘गॉट इट’, ‘आय डिडन्ट गेट द सेकंड पॉइंट’. एवढ्यावर बरेचसे कॉल निघतात. ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवतो, पण एकदा म्हणालास तर खरंच कळव. आपल्याकडच्या ‘बघू’सारखं ते विरून जाऊ देऊ नकोस, समोरचा वाट बघत बसतो.

‘गेट’च्या पुढं ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘अक्रॉस’, ‘अवे विथ’ लागून जे जोड होतात, त्यांना वर सांगितलेली रीत पुरत नाही. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून सवरून सुटणं, हे नुसतं शब्दांवरून कुणाला कळणार? ते जसे भेटतील तसे एकेक आख्खे घ्यायचे. आपल्या ‘हात मारणे’, ‘हात टेकणे’, ‘हात दाखवणे’ यांचंही तसंच आहे, हाताचा अर्थ माहीत असून काही उपयोग नसतो. त्यांची वेगळी यादी पाठ करायला बसलास तर पुन्हा तीच वही होईल.

लिहिताना मात्र हात आखडता घे. ‘गेट’ बोलण्यातला शब्द आहे. एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल), ऑडिटचं उत्तर, डेव्हिएशनची (ठरल्यापेक्षा थोडा वेगळा माल चालवून घेण्याची) मागणी यांत ‘वी गॉट युवर कम्प्लेंट’ लिहू नकोस. ‘वी रिसीव्ह्ड’ लिही. ‘द पार्ट गॉट डॅमेज्ड’ऐवजी ‘द पार्ट वॉज डॅमेज्ड’. ‘वी गॉट टू नो’ तर नकोच, ‘वी फाउंड’ किंवा ‘वी लर्न्ड’ लिही. ‘गेट’चा एकेक अर्थ सुटा करून दुसऱ्या शब्दात लिहायची ही सवय वाचतानाही कामाला येते: समोरच्या मेलमधलं ‘गेट’ काढून तिथं ‘रिसीव्ह’ बसतो, ‘बिकम’ बसतो की ‘अंडरस्टँड’, ते मनात बसवून बघ. शीट थ्रीच्या मेलमध्ये ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ सरळ बसतं, ‘आय डोन्ट रिसीव्ह’ अडतं.

त्या कस्टमरला तिसऱ्या शीटचं उत्तर अजून गेलं नसेल तर आज पाठव. फाइल पुन्हा जोडू नकोस. ‘विच डायमेन्शन ऑर व्ह्यू इज अनक्लिअर?’ एवढं विचार आणि कॉलसाठी दोन वेळा सुचव. आणि तुझ्या मेलमधली जी वाक्यं कुठल्याच साच्यात बसणार नाहीत ती इकडं पाठव. दहा-बारा जमली तर त्यांच्यासाठी एक सदर देईन, त्यात ‘टेक’लाही ओढू. तोही कमी नाही.